चावी कोणाकडे आहे? नेरुळच्या एका सोसायटीची आपत्तीची तयारी

तळाला पार्किंग, वर ७ मजले, ४ विंग, ११२ घरं. नेरुळच्या खाडीकडच्या भागातली ही सोसायटी जुनी आहे, पण मोडकळीला आलेली नाही. आग, पुराचं पाणी, वायुगळती आणि चोरी या चार गोष्टींची तयारी करायची असं सर्वसाधारण सभेत ठरलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी सामान होतं. कॅमेरे वाढवा, आग विझवायचे सिलिंडर वाढवा, भोंगा बसवा. सहा जणांच्या समितीने पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च केला नाही. इमारतीत जे आहे ते चालतं का, आणि रात्री दोन वाजता ते चालू-बंद कोण करू शकतं, एवढंच आधी पाहायचं ठरलं. पुढे सापडलेल्या बहुतेक दोषांना नवीन वस्तूची गरजच पडली नाही.

वही, टॉर्च आणि खडू घेऊन तीन संध्याकाळी इमारत पायाखालून घातली. प्रत्येक वॉल्व्ह, स्विच, टाकीचं झाकण आणि कुलूप यांपुढे चार गोष्टी लिहिल्या: कुठे आहे, त्याने नेमकं काय बंद होतं, चावी कोणाकडे, आणि दिवे गेले तर सापडतं का. अशा ४१ जागा निघाल्या. १३ जागांना कुलूप होतं आणि त्यातल्या ५ कुलपांच्या चाव्या कोणाकडेच नव्हत्या. गच्चीच्या दाराची चावी एका सदस्याकडे होती आणि ते गावाला गेले की ती चावीही गावाला जायची. गॅसच्या पाइपलाइनचे विंगबाहेरचे वॉल्व्ह रंगांच्या थरांखाली घट्ट बसले होते. त्यांची दांडी पाइपाला आडवी झाली की गॅस बंद, हे वॉचमनपैकी कोणालाच माहीत नव्हतं. हा वॉल्व्ह बंद कोणीही करावा, पण उघडणं मात्र गॅस कंपनीच्या माणसावर सोडावं. मधल्या वेळात एखाद्या घरात शेगडीचं बटण चालूच राहिलेलं असतं.

चाव्यांचा बंदोबस्त असा केला. प्रत्येक चावीचे दोन जोड. एक गेटवरच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत, दुसरा त्या-त्या विंगच्या प्रतिनिधीकडे. चावीला ॲल्युमिनियमची चकती, चकतीवर ठोकून घातलेला आकडा, आणि तोच आकडा कुलपाशेजारी ऑइलपेंटने. कागदी चिठ्ठ्या लावू नका, एका पावसाळ्यात त्यांचा लगदा होतो.

मग आग. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. प्रमाणपत्र फाइलमध्ये होतं. तरी सातव्या मजल्यावरची होज रील, म्हणजे ड्रमवर गुंडाळलेली आगीची नळी, उघडली तेव्हा पाण्याची धार दोन हातसुद्धा गेली नाही.

आमच्याकडे डाऊनकमर आहे, म्हणजे गच्चीवर आगीसाठी राखीव टाकी, तिला जोडलेला पंप आणि तिथून मजल्यामजल्यावर उतरणारा पाइप. पाण्याच्या दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोचा दाब मिळतो. त्यामुळे तळाशी नुसत्या उंचीवरही दोन किलोच्या वर दाब असतो, पण टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर जवळजवळ काहीच नसतो. वरच्या तीन मजल्यांना पंप चालल्याशिवाय नळीचा उपयोग नाही. आणि पंपाचा सिलेक्टर ‘ऑफ’वर होता. ‘ऑटो’वर ठेवला की पंप अपरात्री आपोआप सुरू व्हायचा, वरच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार यायची आणि कोणीतरी तो बंद करून टाकायचं. पंप सुरू होत होता कारण लाइनमधला दाब उतरत होता, आणि दाब उतरत होता कारण दुसऱ्या मजल्यावरच्या एका वॉल्व्हची ग्लँड, म्हणजे दांडीभोवतीचा जोड, गळत होती. तिथलं पॅकिंग बदलायला अर्धा तास लागला.

दुसरा दोष जास्त धोक्याचा होता. पंपाची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरच्या मेन स्विचनंतर घेतली होती. आग लागली की पहिला माणूस धावत जाऊन मेन स्विच पाडतो, तसंच शिकवलेलं असतं. तो पडला की पंपही बंद. आता पंपाची केबल मेन स्विचच्या आधीच्या बाजूने, वेगळ्या स्विचवरून घेतली आहे, आणि त्या स्विचवर लाल अक्षरांत लिहिलं आहे: ‘आगीचा पंप. बंद करू नये.’ हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं आणि महावितरणला कळवून करायचं.

तिसरा दोष प्लंबरने घातलेला. वापराच्या पाण्याचा पाइप राखीव टाकीच्या वरच्या पातळीवरून निघायला हवा, म्हणजे घरगुती पाणी संपलं तरी खालचा साठा शिल्लक राहतो. पाणीटंचाईच्या एका उन्हाळ्यात कोणीतरी तळाच्या तोटीतून जोड दिला आणि तो तसाच राहिला. सकाळी नऊला टाकीत डोकावलं तर तळ दिसत होता. हा जोड कुठल्याही सोसायटीत असू शकतो. पाहण्याची वेळ सकाळचा वापर संपल्यावरची, पहाटेची नव्हे.

होजच्या पेट्यांमध्ये २८ पैकी ९ नोझल नव्हते. ते गनमेटलचे असतात, भंगारात पैसे येतात. नळीच्या कपलिंगमधले रबरी वायसर कडक होऊन तडकले होते. असा वायसर असला की निम्मं पाणी जोडातच उडतं आणि नळी धरणारा घाबरून सोडून देतो. वायसर काही रुपयांचा असतो, दर दोन वर्षांनी सगळे बदलावेत. रीलचं ड्रम महिन्यातून एकदा पूर्ण फिरवावं, नाहीतर ते गंजून जागच्या जागी बसतं. सिलिंडर ६ किलोचे एबीसी पावडरचे आहेत. काटा हिरव्यात आहे एवढं पाहून पुढे जाऊ नये. महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवावा, नाहीतर पावडर तळाशी घट्ट बसते आणि नुसता वायू बाहेर पडतो. पूर्ण दाबला तर तो पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, आणि हे आधी कधी अनुभवलं नसेल तर माणूस पहिली दहा सेकंदं ज्वाळेच्या शेंड्यावर घालवतो. रिफिलला जाणारे १२ सिलिंडर आम्ही परत देण्याआधी मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमधल्या आगीवर वापरून घेतले. पिन काढा, आगीच्या बुडाशी नेम धरा, दाबा, आडवं फिरवा. साठ जणांनी हात फिरवून घेतला, त्यात घरकाम करणाऱ्या ताई आणि वॉचमनही होते, कारण दुपारी इमारतीत तेच असतात. कढईतल्या तेलाच्या आगीला मात्र हे काही नको. गॅस बंद, वर घट्ट बसणारं झाकण, आणि ते लगेच उचलून बघायचं नाही.

विजेच्या केबलच्या डक्टविषयी मुद्दाम सविस्तर लिहायला हवं, कारण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. तळापासून सातव्या मजल्यापर्यंत तो एक सलग पोकळ उभा बोगदा असतो. खाली मीटर रूममध्ये केबल पेटली की हाच बोगदा चिमणी बनतो आणि खालची आग लहान असतानाच वरच्या पॅसेजमध्ये काळा धूर भरतो. आमच्या डक्टमध्ये झाडू, बादल्या, रद्दी, एका मजल्यावर रंगाचे डबे होते. ते एका रविवारी काढले. मग प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी केबलभोवतीची भोकं अग्निरोधक सीलंटने बंद करून घेतली. इथे एक चूक झाली. दोन महिन्यांनी इंटरनेटची वायर टाकायला आलेल्या मुलांनी चार मजल्यांवर ते सील फोडलं आणि तसंच सोडलं. आता डक्टला कुलूप आहे, चावी नोंदवहीत सही करूनच मिळते, आणि काम संपल्यावर वॉचमन टॉर्च मारून भोक बुजवलं का ते बघतो.

पहिली रंगीत तालीम रविवारी सकाळी अकराला, आधी सूचना लावून केली. ती फारच छान झाली, म्हणून तिच्यातून काहीच कळलं नाही. दुसरी मंगळवारी रात्री नऊला, फक्त दिवस सांगून, वेळ न सांगता आणि जिन्यातले दिवे बंद ठेवून घेतली. बी विंग रिकामी व्हायला १४ मिनिटं लागली. चौथ्या मजल्यावरचं चपलांचं कपाट आणि तिसऱ्यावरची सायकल यांनी निम्मा जिना अडवला होता. सगळे खाली जमले ते गेटपाशी, म्हणजे बंब जिथून आत येणार तिथेच. अग्निशमन गाडीला सहा मीटर मोकळी वाट लागते आणि आमच्याकडे संध्याकाळनंतर तिथे पाहुण्यांच्या गाड्या दुहेरी लागतात. जमण्याची जागा बदलून मागच्या बागेत नेली, पार्किंगच्या छताखालून कोणी जाणार नाही अशी वाट आखली, आणि सहा मीटरच्या पट्ट्यावर पिवळे पट्टे मारले. आता त्या पट्ट्यावर गाडी लावणाऱ्याला गाडीची चावी केबिनमध्ये ठेवावी लागते.

मोजणी सर्वात अवघड. नुसतं ‘सगळे आले का?’ विचारून चालत नाही, कोणीतरी ‘हो’ म्हणतंच. दोन-दोन मजल्यांमागे एक जण नेमला. त्याच्या हातात घरांची यादी असते आणि तो ‘आलेले’ मोजत नाही, ‘न दिसलेले’ सांगतो. जिना स्वतः उतरू न शकणारे ९ जण निघाले. त्यांची नावं कुठेही फलकावर लावलेली नाहीत. प्रतिनिधी आणि केबिनमधलं बंद पाकीट एवढ्याच ठिकाणी आहेत. प्रत्येकासाठी शेजारचे दोन जण ठरलेले. बिनहाताच्या मजबूत खुर्चीत बसवून, एक पाठीमागून आणि एक पुढच्या पायांशी, असं त्यांनी दोन मजले उतरवून पाहिलं. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी सांगितल्यावर कळलं की खुर्चीला कमरेचा पट्टा हवा, नाहीतर उतरताना पुढे घसरायला होतं. लिफ्ट कोणीही वापरायची नाही हे सगळ्यांना पाठ आहे, पण दार उघडण्याआधी ते हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, गरम असेल तर आतच थांबून फटीत ओले टॉवेल लावायचे आणि खिडकीतून खूण करायची, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

पुराची गोष्ट नवी मुंबईत थोडी वेगळी आहे. वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर या नोडमधला खाडीकडचा बराच भाग सखल जमिनीवर भराव घालून वसवला आहे. पावसाचं पाणी नाल्यांतून होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या तलावांत, येतं आणि पाँडच्या तोंडाशी एकेरी झडपा असतात. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी झडप मिटवतं आणि पाऊस पाँडमध्येच थांबतो. पाँड गाळाने भरला असेल तर थांबायला जागा उरत नाही. म्हणून नुसता पावसाचा अंदाज बघून उपयोग नाही, भरतीच्या वेळा शेजारी ठेवाव्या लागतात. आमचा नियम असा आहे: साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच दिवशी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर भरतीच्या तीन तास आधी ठरलेली कामं सुरू होतात, पाणी दिसो वा न दिसो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४च्या वर ‘अत्यंत मुसळधार’. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, तो दिवस या भागातल्या जुन्या रहिवाशांच्या हिशेबात अजूनही असतो.

गेटवर वाळूच्या गोण्या रचल्या. सहा मीटर रुंदीला एका ओळीत १२ गोण्या, खाली दोन थर दुहेरी आणि वर दोन थर एकेरी, अशा ७२. गोणी दोन-तृतीयांशच भरायची. गच्च भरली की ती गोल राहते आणि दोन गोण्यांमध्ये फट पडते. विटांसारखी सांधेमोड करून, पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक टाकून रचायची. एवढं करूनही पाणी आत आलं, आणि तेही गेटच्या आतल्या पावसाळी गटाराच्या चेंबरमधून, उलटं. रस्त्यावरची पातळी चढली की गटारातून ते तुमच्या आवारात वर येतंच. मग सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकेरी झडप बसवली. तिचा दुसरा परिणाम आधीच लक्षात घ्यावा: झडप मिटली की आवारात पडणारा पाऊसही आतच अडकतो. आमचा प्लॉट ३,००० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला दीड लाख लिटर, मिनिटाला अडीच हजार. दोन इंची पेट्रोल पंप मिनिटाला पाच-सहाशे लिटर काढतो. म्हणजे पार्किंग कोरडं ठेवायचा हट्टच चुकीचा. मीटर रूम, लिफ्ट आणि जमिनीखालची टाकी, एवढ्या तीनच जागा वाचवायच्या असं ठरवलं आणि काम सोपं झालं.

मीटर रूमच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे चॅनल, त्यात वरून सरकवायची १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची फळी, कडेला रबरी पट्टी, उंची ६० सेंटिमीटर. साध्या प्लायची पहिली फळी फुगली आणि चॅनलमध्ये शिरेना, म्हणून मरीन. लिफ्ट चौथ्या मजल्यावर नेऊन बंद करायची, खाली पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यात, पाणी भरलं तरी केबिन वाचते. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागण्याआधीच तो पाडायचा. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाभोवती विटांचा ६० सेंटिमीटर कठडा बांधला, पण घाण पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून शिरू शकतं, तिकडेही झडप लागते. शिरलंच तर वर पंप करायचं नाही, वरची टाकी स्वच्छ आहे. खालची रिकामी करून घासायची, मग लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल एवढी ब्लीचिंग पावडर घालून एक रात्र ठेवायची आणि ते पाणी सोडून द्यायचं. २० हजार लिटरच्या टाकीला २५ टक्के क्लोरीनची पावडर ४ किलो. उघडी पडलेली जुनी पावडर उतरलेली असते, ती धरू नये. पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं; लेप्टोस्पायरोसिस या तापाची प्रतिबंधक गोळी त्यांच्याच सल्ल्याने.

वायुगळतीची तयारी थोडक्यात. एमआयडीसीचा पट्टा आपल्या पूर्वेला आहे. पावसाळ्यात वारा खाडीकडून येतो, पण हिवाळ्यातल्या रात्री आणि पहाटे तो पूर्वेकडून वाहतो, म्हणून धोका हिवाळ्यात जास्त. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावली आहे. वास आला तर खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद, नाकावर ओला कपडा, आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर वाऱ्याच्या दिशेने न पळता आडव्या दिशेने.

चोरीबाबत कॅमेऱ्यांवर सर्वांचा फार विश्वास होता. १६ कॅमेरे, सगळे चालू. चित्रण किती दिवस टिकतं या प्रश्नावर ‘महिनाभर’ असं उत्तर मिळालं. एका कॅमेऱ्याचं दिवसाला २१.६ जीबी, सोळांचं ३४६, आणि डिस्क ४ टीबीची. म्हणजे अकरा दिवस. मे महिन्यात किंवा गणपतीला कोकणात पंधरा दिवस गेलेलं कुटुंब परत येऊन तुटलेला कडी-कोयंडा बघणार, तेव्हा चित्रण पुसलं गेलेलं. ६ टीबीच्या दोन डिस्क बसवल्या. यंत्राचं घड्याळ १७ मिनिटं मागे होतं, तेही दर महिन्याला मोबाइलशी जुळवायचं ठरवलं, कारण चुकीच्या वेळेचं चित्रण तपासात डोकेदुखी होतं. गेटवरचा कॅमेरा उंच होता, त्यात गाड्यांचे दिवे चमकायचे आणि नंबर दिसायचा नाही. तो कमरेच्या थोडा वर, वाटेला तिरपा आणला.

खरा फरक पडला तो मागच्या भिंतीलगतचे बंद दिवे लावल्याने, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांजवळून जाणाऱ्या पाइपांना काटेरी पत्र्याचे कॉलर बसवल्याने, आणि वॉचमनच्या फेरीची वेळ बदलती ठेवल्याने. बारा तासांच्या पाळीत पहाटे तीन ते पाच डुलकी लागतेच. त्या दोन तासांसाठी दुसऱ्या गेटच्या वॉचमनशी जागा बदलायची. गावाला जाणारे घरं बंद असल्याची माहिती ग्रुपवर टाकत नाहीत, फक्त शेजारी आणि केबिनला सांगतात. दारातलं दूध आणि पेपर शेजारी उचलतात. भाडेकरू आला की त्याची माहिती पोलिसांकडे नोंदवल्याची पोच मिळाल्याशिवाय सामान लिफ्टमधून चढत नाही. संशयित सापडला तर त्याला हात लावायचा नाही, गेट बंद, ११२ला फोन. फुटलेल्या दाराला, कपाटाला पोलिस येईपर्यंत कोणी शिवायचं नाही. फोनवरून फसवून पैसे गेले तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि तेही त्याच तासात. ज्येष्ठांच्या घरी जाऊन हा आकडा फोनमध्ये भरून दिला.

मोबाइल बंद पडले तर काय, यासाठी प्रत्येक मजल्यावर एक शिट्टी आणि केबिनमध्ये दोन मेगाफोन आहेत. तीन लांब शिट्ट्या म्हणजे खाली या, सलग छोट्या म्हणजे घरातच राहा. १०१, १०८, ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे लॅमिनेट करून जिन्यात लावले. महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास पंप, एक रील, दहा चाव्या आणि मेगाफोनचे सेल तपासले जातात, आणि तपासणारा दर वेळी वेगळा असतो.

एक काम अडकलं आहे. ए विंगमागची बंबाची वाट एका झाडाच्या फांद्यांमुळे चार मीटरच्या वर उंचीला अडते. फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज दिला आहे. ती येईपर्यंत मागच्या बाजूला उघडणाऱ्या १४ घरांना सांगून ठेवलं आहे की आग लागल्यास बाल्कनीत शिडीची वाट पाहू नका, जिना मोकळा असेल तर जिन्यानेच उतरा, आणि धूर असेल तर पुढच्या, रस्त्याकडच्या खिडकीशी या.